सुतावरून म्युझियम

‘कृपया हात लावू नये.’ ब्राँझच्या पुतळ्यापुढची ही पाटी आपण निमूटपणे पाळतो. पण समोर माणसाहून उंच, पिकल्या जांभळाच्या रंगाचा, अंगभर गाठी असलेला दोराचा देव उभा राहिला की बोटं शिवशिवायला लागतात. दोर हा प्रकार डोळ्यांआधी बोटांच्या ओळखीचा. परकराची नाडी, मखराची सुतळी, विहिरीवरचा दोर, गॅलरीतली कपड्यांची दोरी. पहिली गाठ मारायला कधी शिकलो, हे कुणालाच आठवत नाही.

धाग्यादोऱ्यांची शिल्पं करणारी मंडळी आपल्याला नेमकी तिथेच पकडतात. त्यांच्या जगातल्या या काही गमती. क्रमबिम लावलेला नाही. गुंता आहे, तो तसाच राहू द्या.

नाव मृणालिनी, गाठ निरगाठ

सुरुवात मुंबईत जन्मलेल्या एका बाईंपासून. मृणालिनी मुखर्जी, जन्म १९४९. वाढल्या मात्र डेहराडून आणि शांतिनिकेतनात, आणि शिकल्या बडोद्याला, सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठात. आई लीला मुखर्जी शिल्पकार. वडील विनोदबिहारी मुखर्जी हे शांतिनिकेतनचे मोठे चित्रकार. मृणालिनी सात-आठ वर्षांच्या असतानाच त्यांची दृष्टी पूर्ण गेली. तरी ते थांबले नाहीत. रंगीत कागद कापून चित्रं केली, मातीकाम केलं, टाइल्सचं भलंमोठं भित्तिचित्रही केलं. सत्यजित राय यांनी १९७२ साली त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा माहितीपट काढला. ज्या घरात बापाचे हात हेच त्याचे डोळे झाले होते, त्या घरातली मुलगी पुढे नुसत्या बोटांनी गाठी मारून शिल्पं करते, यावर मानसशास्त्राचा प्रबंध लिहायचा मोह होतो. आवरतो.

बडोद्यात त्यांना के. जी. सुब्रमण्यन् हे गुरू मिळाले. कलाकुसर आणि कला यांच्यामध्ये भिंत घालणाऱ्यांशी या माणसाचं कधी पटलं नाही. दोर, लाकूड, माती, चिंध्या, सगळं त्यांना सारखंच जवळचं. मृणालिनी शिकत होत्या चित्रकला आणि मग भित्तिचित्रकला, पण त्यांचं सूत जुळलं ते दोराशी.

हा दोर म्हणजे काही परदेशी मागवलेला माल नव्हे. साधा बाजारातला. कॅटलॉगात त्याला ‘हेम्प’ म्हणतात. आपल्याकडे ताग, अंबाडी, सण अशी जी मंडळी आहेत, त्यांच्याच भावकीतला. तो आणायचा, उकलायचा, पदर निवडायचे, रंगवायचे. मग लोखंडी सांगाड्याच्या आधारानं गाठ. पुन्हा गाठ. पुन्हा गाठ. माग नाही, धोटा नाही, सुई नाही. आधी कागदावर चित्र काढून ठेवलेलं नाही. शिल्प जसं वाढेल तसं त्याच्यामागून जायचं. एकेका कामाला कित्येक महिने लागत.

दोर उकलला तरी त्याच्या पदरातला वळ लगेच जात नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण माणसांना लावून लावून गुळगुळीत केली, पण तिचा मूळ अर्थ इथे कामाला येतो. हा उरलेला पीळ धाग्याला फुगवटा देतो, गाठीला पकड देतो. म्हणून ही शिल्पं लोंबत नाहीत, फुगतात. ओठ, पाकळी, फणा, मांडी असं काहीबाही त्यातून बाहेर येतं. चित्रात शेपटी लांब झाली तर खोडता येते. इथे आठशेवी गाठ चुकली तर सातशे नव्व्याण्णवाकडे माघारी.

शिल्पांची नावं वाचा: रुद्र, देवी, यक्षी, वनश्री, आदिपुष्प. म्हणजे देवादिकांच्या मूर्ती? मुळीच नाही. हातात आयुधं नाहीत, डोक्यावर मुकुट नाही. कोकणातल्या देवराईत गर्द सावलीतून चालताना अचानक पुढ्यात शेंदूर फासलेला दगड येतो आणि क्षणभर छाती धडधडते ना, तसला हा देव. अर्धा झाड, अर्धा आणखी काहीतरी. माझ्या मते ‘आदिपुष्प’ हे नाव निम्मंच खरं आहे. फूल आहे, पण ते आपल्याकडे बघतं.

आता बाईंचं दुखणं. पाश्चात्त्य देशांत त्या काळी मॅक्रमेची लाट होती. दोरीच्या गाठींची घुबडं, कुंड्या टांगायच्या जाळ्या. आपल्याकडेही सत्तर-ऐंशीच्या दशकात दिवाणखान्यात असलं एखादं घुबड डोळे वटारून बसलेलं असे. त्यामुळे मुखर्जींच्या गाठी बघून कुणी ‘मॅक्रमे’ म्हटलं की त्यांना ते रुचत नसे. अर्थात मॅक्रमेचं आपल्याला काय कौतुक! आपल्याकडे दह्यादुधाचं शिंकं पिढ्यान्‌पिढ्या आढ्याला टांगलेलं आहे. शिंकं तुटलं तर बोक्याचं फावतं, एवढीच त्याची साहित्यात नोंद.

प्रदर्शनांचा हिशेब मात्र वाचताना मन खट्टू होतं. १९९४ मध्ये ऑक्सफर्डच्या आधुनिक कला संग्रहालयात प्रदर्शन झालं. मग दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मोठं सिंहावलोकन भरलं ते थेट जानेवारी २०१५ मध्ये. ते सुरू झालं आणि काही दिवसांतच बाई गेल्या. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरमध्ये ‘फिनॉमिनल नेचर’ भरलं, २०२२ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकात शिल्पं लागली, २०२५ च्या अखेरीस लंडनच्या रॉयल अकॅडमीनं त्यांचं आणि त्यांच्या गोतावळ्याचं काम मांडलं. टाळ्या वाजल्या, पण घ्यायला बाई नव्हत्या.

रंग आलेच नाहीत, बरं झालं

१९९७. जॅनेट एशलमन नावाची अमेरिकन चित्रकार फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात आली. चित्रांचं प्रदर्शन भरवायचं कबूल केलेलं. खास रंग बोटीनं मागवले. तारीख जवळ आली, रंगांचा पत्ता नाही. ती तेव्हा महाबलीपुरमला होती, पाथरवटांच्या गावात. ब्राँझचे लहान पुतळे करून पाहिले. जड आणि महाग. संध्याकाळी किनाऱ्यावर फिरताना रोजचंच दृश्य: मच्छीमार जाळ्यांचे ढीग आवरतायत. त्या दिवशी तिला ढीग दिसले नाहीत, आकार दिसले. हलके, फुगणारे, वाऱ्यावर हलणारे.

मच्छीमारांच्या मदतीनं तिनं जाळ्याचं पहिलं शिल्प केलं. ते तिचं स्वतःचंच व्यक्तिचित्र होतं आणि त्याचं नाव ‘रुंद कंबर’. स्वतःवर हसता येणाऱ्या कलावंतांवर माझा जरा जास्त विश्वास बसतो.

पुढे ही जाळी शहरांवरच टांगली गेली. २००५ मध्ये पोर्तुगालच्या पोर्तोत. २०१५ मध्ये बॉस्टनमध्ये उंच इमारतींच्या मधोमध: सुमारे एक टन वजन, शंभर मैलांहून जास्त दोरा, पाच लाखांवर गाठी. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या रेनविक गॅलरीत दालनाच्या छताला टांगलेल्या जाळ्याचं नाव होतं ‘१.८’. हा आकडा कसला? २०११ चा जपानचा भूकंप इतका जबर होता की पृथ्वीचा दिवस १.८ मायक्रोसेकंदांनी आखूड झाला. खाली गालिचा होता आणि लोक त्यावर खुशाल उताणे पडून वर बघत. म्युझियममध्ये आडवं व्हायची परवानगी! आपल्याकडे बाकड्यावर टेकलं तरी रखवालदार येतो.

कोळीवाड्यात, बंदरावर फाटकी जाळी सांधत बसलेली माणसं आपणही पाहतोच. फोटो काढून पुढे जातो.

पोरांनी लावलेला निकाल

तोशिको होरिउची मॅकअ‍ॅडम या जपानी बाई सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला विणकामाची मोठमोठी शिल्पं करत. गंभीर, प्रदर्शनीय, लांबून बघायची. एका प्रदर्शनात दोन पोरं विचारपूस न करता थेट शिल्पावर चढली आणि उड्या मारू लागली. शिल्प हललं, ताणलं, लोंबलं, झोके घेऊ लागलं.

दुसरा कुणी कलावंत असता तर पोरांच्या आईबापांना शोधत गेला असता. बाईंना मात्र कळलं की आपलं शिल्प आत्ता कुठे पुरं झालं. तेव्हापासून त्या मुलांसाठी हातानं क्रोशानं विणलेली अवाढव्य खेळजाळी करत आल्या. जपानच्या हाकोने येथील खुल्या संग्रहालयात २००९ पासून असं एक जाळं लाकडी मंडपात टांगलेलं आहे. मंडपाच्या जोडणीत धातूचा खिळाही नाही. आत जायची परवानगी फक्त मुलांना. मोठ्यांनी बाहेरून हेवा करायचा.

घायपात पोलंडला जाते

रेल्वेच्या कडेला, शेताच्या बांधावर तलवारीसारख्या पानांची घायपात उभी असते. काही भागांत तिला केकताड म्हणतात. तिच्या जातीच्या पानांपासून निघणारा चिवट वाख म्हणजे जगाच्या बाजारातला सिसल. याच सिसलचे जुने, टाकून दिलेले जहाजी दोर पोलंडची माग्दालेना अबाकानोविच बंदरावरून गोळा करी. ते उकलून, धुऊन, रंगवून ती मागावर विणी आणि छताला टांगे. चार चार मीटर उंचीची, झग्यासारखी, गुहेसारखी कापडं. भिंतीला लावायचा गालिचा नव्हे, आणि पुतळाही नव्हे. समीक्षकांना नाव सुचेना, तेव्हा तिच्याच आडनावावरून ‘अबाकान’ हे नाव पडलं. कुलकर्ण्यांनी केलं म्हणून ‘कुलकर्णी’, इतकं सोपं.

१९६५ मध्ये साओ पाउलोच्या द्वैवार्षिकात तिला सुवर्णपदक मिळालं. हे सगळं युद्धानंतरच्या पोलंडमध्ये, कम्युनिस्ट राजवटीत, जागेची आणि मालाची टंचाई असताना. पुढे तिनं गोणपाट राळेत भिजवून माणसांच्या पाठी घडवल्या. ऐंशी पाठी, वाकून बसलेल्या. डोकं नाही, हात नाहीत. पण बाजार समितीत पोत्यांच्या राशीशेजारी टेकलेला हमाल ज्यानं पाहिलाय, त्याला त्या पाठी अनोळखी वाटणार नाहीत.

आजीची चूक, विद्यापीठाचं गणित

आमच्या आजीच्या हातात क्रोशाची सुई आली की आम्ही नातवंडं पळायचो, कारण लोकरीचा गुंडा धरून बसावं लागे. गोल रुमाल विणताना एखाद्या फेरीत टाके जास्त झाले की कडेला चुण्या पडत, रुमाल लाटेसारखा वरखाली होई. आजी कपाळाला आठ्या घालून म्हणायची, “टाके वाढले मेले.” आणि उसवायची.

१९९७ मध्ये अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिन्या या लाटव्हियन गणितज्ञ बाईंनी नेमकं हेच केलं, फक्त उसवलं नाही. ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवत गेल्या आणि हातात आला तो अपास्तीय (हायपरबोलिक) पृष्ठभाग! जिथे एका रेषेला बाहेरच्या बिंदूतून अनेक समांतर रेषा काढता येतात, ती भूमिती. गणितज्ञ शंभरेक वर्षांहून जास्त काळ ती समीकरणांत मांडत होते. कागदाचे तुकडे जोडून केलेली प्रतिरूपं हातात घेतली की फाटत. क्रोशाचं प्रतिरूप मात्र घडी करा, उलगडा, बॅगेत टाका. काही होत नाही.

समुद्रातली प्रवाळं, शेवाळं यांच्या कडाही अशाच चुणीदार. म्हणून मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या ऑस्ट्रेलियातल्या जुळ्या बहिणींनी २००५ पासून क्रोशाचं प्रवाळबेट विणायला घेतलं. नंतर जगभरच्या हजारो बायकांनी त्यात आपापले तुकडे घातले. २०१९ मध्ये ते व्हेनिसला पोचलं. आजीचा रुमाल उसवला नसता तर, असं म्हणत बसण्यात अर्थ नाही. पण म्हणतोय खरा.

फुटकळ, पटपट

चिहारू शिओता या बर्लिनवासी जपानी कलावंतानं २०१५ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकातल्या जपानी दालनात लाल धाग्याच्या जंजाळातून १,८०,००० जुन्या किल्ल्या टांगल्या. त्या जगभरच्या लोकांनी दिलेल्या. कुलपं कुठे आहेत, हे कुणी विचारू नये.

मादागास्करमध्ये गोळा केलेल्या बारा लाख कोळ्यांच्या रेशमापासून एक अंगरखा विणला गेला आणि २०१२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मांडला गेला. रंग सोनेरी, तोही कोळ्याचा अंगचाच. रेशीम काढून झालं की कोळ्यांना पुन्हा रानात सोडत. रेशीमकिड्यापेक्षा कोळ्याचं नशीब थोर.

शीला हिक्स ही अमेरिकन विणकर साठच्या दशकात कोझिकोडच्या हातमागांवर येऊन काम करून गेली. पुढे तिनं एअर फ्रान्सच्या जंबो विमानांसाठी भरतकामाची रेशमी पॅनेलं केली, आणि एका प्रदर्शनात इस्पितळातल्या परिचारिकांचे वापरलेले कपडे रचून ठेवले. आकाश आणि धुणं, दोन्ही एकाच बाईचं.

लुईझ बूर्झ्वा लहानपणी आईवडिलांच्या कारखान्यात जुन्या चित्रगालिच्यांची झिजलेली पावलं नव्यानं रेखून देई. गालिचे खालून झिजतात, त्यामुळे पायच आधी जात. तिनं पुढे जी अवाढव्य कोळीण उभी केली, तिचं नाव ‘आई’. आई विणकाम दुरुस्त करायची, म्हणून.

बांधून ठेवलेलं

आता थोडं थांबूया. ज्युडिथ स्कॉट. जन्म १९४३, अमेरिकेतला ओहायो. डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेली. त्यात ऐकू येत नव्हतं आणि हे बरीच वर्षं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. उत्तर देत नाही म्हणजे मंद, असा शिक्का बसला. सातव्या वर्षी तिला संस्थेत ठेवलं गेलं. ती तिथे पस्तीस वर्षं राहिली. जुळी बहीण जॉइस धडधाकट, घरी वाढलेली. तिनं मोठेपणी खटपट करून ज्युडिथला सोडवून कॅलिफोर्नियाला आपल्याजवळ आणलं आणि १९८७ मध्ये ओकलंडच्या ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ या केंद्रात घातलं. अपंग व्यक्तींना तिथे चित्रं काढायला, वस्तू घडवायला जागा आणि साहित्य मिळतं.

सुमारे दोन वर्षं काहीच झालं नाही. रंग, खडू, माती, कशातच तिचं मन रमेना. मग एक दिवस धाग्यांचं काम शिकवायला एक कलावंत आली. ज्युडिथनं शिकवणीकडे ढुंकून पाहिलं नाही. काड्या घेतल्या, लोकर घेतली आणि गुंडाळायला लागली.

मरेपर्यंत, म्हणजे २००५ पर्यंत, ती गुंडाळत राहिली. आत काय असे? मिळेल ते. पंखा, मासिकं, किल्ल्या, एकदा तर दुकानातली सामानाची ढकलगाडी. वर धाग्यांचे थर, गाठी, आणखी थर, आणि आतली वस्तू दिसेनाशी होई. एकदा हाताशी धागा नव्हता तर कागदी टॉवेल पिळून, गाठी मारून तिनं काम उभं केलं. तिला शब्द येत नव्हते. ‘कला’ हा शब्द तिनं कधी ऐकलाही नसेल. सुमारे दोनशे शिल्पं मागे राहिली आणि ब्रुकलिन म्युझियमनं २०१४ मध्ये त्यांचं सिंहावलोकन भरवलं.

एवढ्या वर्षांत तिनं आपल्या कामाला एकही नाव दिलं नाही. समीक्षकांची त्यामुळे जरा पंचाईत होते. छान होते.

फणी काढून टाकली

या गुंत्याचं एक टोक मुंबईत आहे. हातमाग-हस्तकलांच्या पाठीराख्या पुपुल जयकर यांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं वीव्हर्स सर्व्हिस सेंटर हातमागाला नवी नक्षी पुरवण्यासाठी होतं. सरकारी खातं, फायली, हजेरीपट. पण तिथे नोकरीला कोण होतं पाहा. चित्रकार प्रभाकर बरवे तिथे डिझायनर. चित्रकार भास्कर कुलकर्णी तिथेच. जयकरांनी त्यांना बिहारच्या दुष्काळात मधुबनीला पाठवलं, भिंतीवरची चित्रं कागदावर आली ती त्यानंतर. पुढे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं काम बाहेरच्या जगापुढे आणण्यातही कुलकर्ण्यांचा हात होता. आणि मघाचे सुब्रमण्यन्, मुखर्जींचे गुरू? तेही १९५९ ते ६१ मुंबईत हातमाग मंडळातच होते.

मोनिका कोरिया याच केंद्रातल्या विणकरांजवळ शिकल्या. त्यांचं शिक्षण मायक्रोबायोलॉजीचं, नवरा वास्तुविशारद चार्ल्स कोरिया. त्यांची एक युक्ती मला भारी आवडते. मागाला फणी असते. उभे धागे तिच्या दातांतून ओवलेले असतात, त्यामुळे ते शाळेच्या प्रार्थनेला उभ्या असलेल्या पोरांसारखे सरळ रांगेत राहतात, आणि आडवा धागा ठोकून बसवायचं कामही तीच करते. मोनिकाबाईंनी विणता विणता फणीच काढून टाकली. रांग मोडली. उभे धागे तिरके गेले, एकमेकांना भेटले, लांब झाले, मध्ये फटी पडल्या. हिशेबानं बघितलं तर कापड बिघडलं. भिंतीवर लावलं तर वारा सुटलेलं रान.

मास्तरांनी पाठ फिरवल्यावर वर्गाचं जे होतं, ते त्यांनी धाग्यांचं करून दाखवलं.

दिल्लीला गेलात तर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात किंवा किरण नाडर संग्रहालयात मृणालिनी मुखर्जींचं काम सध्या मांडलेलं आहे का, हे आधी फोन करून विचारा. संग्रहातलं सगळं नेहमी बाहेर नसतं. असलं, तर समोरून बघून झाल्यावर मागे जा, मग बाजूनं बघा, गाठी मोजायचा प्रयत्न करा आणि सोडून द्या. हात मात्र खिशात ठेवा. रंगवलेल्या दोराला घामाचा डाग पडला तर तो धुता येत नाही.